पिठाचा किनारा

"समुद्र पाहिलाय का हो कधी?"

त्रिवेणीने दचकून मागे पाहिलं. पद्मावतीबाईंच्या बरकतपुऱ्यातल्या चित्रकलेच्या वर्गाच्या दारात वरच्या खोलीचा नवा भाडेकरू उभा होता. तेजस, मुंबईचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला.

"नाही पाहिला. हैदराबादेत कुठला समुद्र? म्हणून काढू पण नको?"

"काढा ना! पण तुमची वाळू... चालायला लागलीये."

खरंच की! वाळूला खरखरीत उठाव यावा म्हणून तिने डिंकात रांगोळी कालवून थापली होती. घरातली संपली म्हणून शेजारच्या तेलुगू मावशींकडून मागून आणलेली, आणि ती निघाली निव्वळ तांदळाच्या पिठाची! किनारा मुंग्यांनी भरला होता. दोघंही हसत सुटले.

पुढच्या रविवारी तो चाळलेली वाळू घेऊन हजर.

"लाट नुकती मागे गेलीय ना, तिथं गडद करा. आणि फेस थापायचा नाही. रंगाची सुरी नुसती टेकवायची... अशी."

त्याची बोटं तिच्या मनगटाला लागली. मग दोघंही उगाचच फेसाकडे पाहत राहिले.

"तुम्ही बाजूला बसलात की माझी लाट वाकडी येते," ती पुटपुटली.

"मग सरळ लाटा कशाला हव्यात?"

असे कितीतरी रविवार गेले. दोन हजार साल उजाडायच्या आत अमेरिकेतले कॉम्प्युटर नीट करायला माणसं हवी होती. गल्लीगल्लीतून कुणी ना कुणी तिकडे निघालं होतं. एके दिवशी तेजसही म्हणाला, "शुक्रवारी निघतो. दोन वर्षांनी आलो की तुमच्या घरी येईन. थांबाल ना?"

त्रिवेणीने हातातली सुरी खाली ठेवली. घरी परभणीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं, आणि तिने आजवर वडिलांसमोर, नानांसमोर, ब्रसुद्धा काढला नव्हता.

"नक्को," ती म्हणाली. "तुम्ही मला आवडता... फार आवडता. पण दोन वर्षं कोणत्या तोंडाने सगळ्यांना थोपवू? विचारायचं तर जायच्या आधी नानांना विचारा. नंतर नाही."

तेजसचा चेहरा उतरला.

"ते नाही म्हणाले तर?"

"तर मी बोलीन. पण आधी तुम्ही बोला."

त्याने हात धुतले, शर्टाच्या बाह्या खाली केल्या. "आता असतील घरी?"

"हौ."

तिने चपला घातल्या. दर रविवारी तो कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा, तेव्हा ती त्याच्या चार पावलं मागून चालायची. आज भर दुपारी, अख्ख्या गल्लीच्या देखत, ती त्याच्या बरोबरीने चालू लागली.