तळघरातली वाटी

परवानगी काढावी तर देवदत्त फणसळकरानं, असं दुबईच्या करामा भागातले मराठी दुकानदार म्हणत, आणि देवदत्तनंही ते कधी नाकारलं नाही. इंटिरियरचा ठेकेदार. कुणाच्या हॉटेलचा पोटमाळा असो की कुणाच्या दवाखान्याची भिंत, हा बगलेत नकाशे मारून ऑफिसात जायचा, खिडकीतल्या माणसाच्या पोराबाळांची चौकशी करायचा आणि शिक्का घेऊनच परतायचा. अशा माणसाचं घोडं अडलं ते स्वतःच्याच घरी, तळघराच्या परवानगीवर.

२००३ साली शहराबाहेर नव्या व्हिला विकायला निघाल्या, तेव्हा त्यानं बाकी काही न बघता फक्त तळघर बघून घर घेतलं. कारण विद्युल्लता, त्याची बायको. लग्नाआधी मिरजेत गाणं शिकलेली. करामाच्या फ्लॅटमध्ये तिनं तंबोरा लावला की खालचे लोक झाडूच्या दांड्यानं छत ठोकत. ते ठोकत राहिले आणि ही हळूहळू गप्प झाली. मग गाणं उरलं ते बाथरूममध्ये, नळ सोडून. "घर घेतलं की आधी तुझी गाण्याची खोली," असं तेव्हा देवदत्त बोलून बसला होता, आणि ते त्याला इतकी वर्षं सलत होतं. तळघराच्या उघड्या सिमेंटवर जिप्समचे बोर्ड मारायचे, गालिचा टाकायचा, एसीची लाइन ओढायची, एवढंच काम. आठवड्यात परवानगी आणतो म्हणाला. इन्शाल्ला म्हणायचं मात्र राहिलं.

राहायला आले त्या सकाळी तळघराच्या जिन्यात एक झाकणाची पितळी वाटी होती. आत केशर-वेलचीच्या गोड शेवया आणि वर, कुणाला सांगून खरं वाटणार नाही, अंड्याचं ऑम्लेट. आत कशी आली? मजुरांपाशी कुणी दिली असेल, त्यांनी ठेवली असेल, असं देवदत्तनं ठरवून टाकलं. शेजारच्या जुलेखाबाई हैदराबादच्या. त्यांनी वाटी उलटसुलट करून पाहिली आणि हा अरबांकडचा नाश्ता आहे, आमच्याकडून नाही आला, असं सांगितलं. दुसऱ्या बाजूला आणि मागे नुसती वाळू होती.

आता दुसरी कुणी बाई असती तर वाटी फडताळात ठेवून मोकळी झाली असती. पण कुणाची वाटी रिकामी परत करू नये, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी, हे विद्युल्लताच्या हाडीमासी मुरलेलं. तिनं रव्याचे लाडू घातले आणि वाटी जिथं सापडली तिथंच ठेवली. संध्याकाळी वाटी गेली होती. दोन दिवसांनी आली, खजुराचं काहीतरी तुपाळ घेऊन. हिनं साटोरी दिली. तिकडून गव्हा-मटणाची लापशी आली. हिनं नाक मुरडलं, यानं बोटं चाटली. देवदत्तचं पोट सुटलं. जिन्यात वाटी कोण ठेवतं, असं त्यानं एकदा विचारलं. बायको म्हणाली, खाताना विचारलं नाहीत ते. मग एकदा वाटीत रव्याचे लाडू आले. हिच्याच चवीचे, पण जास्त खुसखुशीत. विद्युल्लतानं त्या दिवशी रवा दोनदा भाजला.

अशातच परवानगीची तपासणी आली. इन्स्पेक्टर मुनीर, मूळचा सुदानचा, दुबईतल्या वीस वर्षांत हिंदी शिकलेला. तळघरात त्यानं नाक वर करून वास घेतला. तूप, वेलची. इथं स्वयंपाक कोण करतं? देवदत्तनं वरच्या किचनकडे बोट दाखवलं. मुनीरनं मागच्या भिंतीला तळवा लावला आणि पटकन काढून घेतला. भिंत गरम होती. पलीकडे खोली करून भाड्यानं दिली आहे का, असं त्यानं सरळ विचारलं. देवदत्तनं नकाशा उलगडला, पलीकडे वाळूच आहे म्हणून शपथा घेतल्या. मुनीर हसला. सगळे असंच सांगतात म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तर कहर झाला. मुनीर पायऱ्या उतरला, दारात थबकला, नजर खाली घातली, सलाम केला आणि उलट्या पावली वर आला.

"हबीबी, अंदर औरत बैठी है. पहले बोलना चाहिए ना."

देवदत्तनं वाकून पाहिलं. सिमेंटची गोणी आणि एक मोडकी शिडी.

"खाली कराओ," मुनीर म्हणाला. "फिर परमिट. खलास."

आली का पंचाईत! नसलेला भाडेकरू काढायचा कसा? दोन दिवस देवदत्तनं डोकं खाजवलं. त्याचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, पण परवानगीवर होता. आणि धंद्यात एक गोष्ट तो शिकला होता: न हलणाऱ्या भाडेकरूचं पाणी तोडायचं, मग तो आपोआप हलतो. इथं पाणी कुठलं, तर ती वाटी.

विद्युल्लता बाजाराला करामात गेली होती. जाताना तिनं वाटीत नारळाच्या वड्या भरल्या होत्या आणि तेवढी जिन्यात ठेवा हं म्हणून बजावलं होतं. देवदत्तनं वड्या बसल्या जागी खाल्ल्या, वाटी धुतली, पुसली आणि रिकामी ठेवून आला. जिना चढताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण खोली कुणासाठी करतोय, हे आठवून तो चढत राहिला.

संध्याकाळपर्यंत वाटी गेली. वास गेला. भिंत गार पडली.

मुनीर आला तो बूट घालूनच आत गेला. मध्यभागी उभा राहून त्यानं चहूकडे पाहिलं. "अब एकदम खाली है," म्हणाला. मबरूक म्हणून अभिनंदन केलं, हात मिळवला, पण चहाला थांबला नाही.

मग काय, यल्ला, चला कामाला! बोर्ड लागले, गालिचा आला, एसी सुरू झाला. वाटी अजून कशी आली नाही, असं विद्युल्लता अधूनमधून विचारायची. ते लोक सोडून गेले असतील, असं देवदत्त सांगायचा. शुक्रवारच्या सुट्टीत बैठक ठरली. करामातली निम्मी मंडळी येणार होती.

आदल्या दुपारी ती तळघरात एकटी रियाजाला बसणार होती. त्यानंच हट्ट धरला, पहिला सूर मला ऐकू दे.

जिन्यात वाटी होती. झाकण बाजूला. आत काही नव्हतं.

विद्युल्लतानं वाकून आत पाहिलं, रियाज झाल्यावर भरते म्हणाली आणि ती ओलांडून आत गेली. देवदत्तनं वाटी पायानं कोपऱ्यात सारली.

तिनं तंबोरा जुळवला. डोळे मिटले. भूपाचा सा लावायला तोंड उघडलं.

काही आलं नाही.

ती हसली. घसा खाकरला, तर खाकरल्याचाही आवाज झाला नाही. पुन्हा तोंड उघडलं. गळ्याची शीर ताणलेली त्याला दिसत होती.

"अगं, पाणी आणू?"

तिनं हात वर करून त्याला थांबवलं. ती ऐकत होती.

जिप्समच्या मागून, सिमेंटच्याही मागून, सा आला. भरलेला, गोल, मिरजेचा. देवदत्त लग्नाआधी याच आवाजावर भाळला होता, त्याला ओळखायला वेळ लागला नाही. कुणीतरी वाळूत बसून निवांत आलापी करत होतं.

विद्युल्लताचे डोळे भरले. ती त्याच्याकडे वळली. दोन्ही तळव्यांची तिनं वाटी केली, त्याच्यापुढे धरली आणि भुवया उंचावून विचारलं: काय घातलं होतंत?