हाताच्या उंचीवर

"अहो, हा चष्मा तुमचा नाही!"

खरं तर "बघून चाला की जरा" असं म्हणायला हवं होतं. कारण समोरचा उंच, सडपातळ माणूस भिंत चाचपडत आला होता आणि थेट तिच्यावर आदळला होता. पण चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढणाऱ्या मुलीला आधी चष्माच दिसणार! जाड भिंगं, आणि त्यांवर चक्क मलम फासलेलं...

"नाहीच आहे माझा," तो म्हणाला. "मोतीबिंदू झालेल्या माणसाला ही पायरी दिसते का, ते बघतोय."

"मग? दिसली?"

"पायरी नाही दिसली. तुम्हीही नाही." त्याने चष्मा काढला आणि जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघितलं. "आता दिसलात."

तिने घाईघाईने हातातली यादी तोंडासमोर धरली. एकेचाळीस प्रश्न होते त्या यादीत. जेवण कोण करतं, बेल दाबल्यावर किती मिनिटांत माणूस येतं, डॉक्टर कधी येतात... आत्यासाठी म्हातारपणी राहायचं घर शोधताना आठ ठिकाणी ते विचारून झाले होते आणि आत्याने आठही घरं नापास केली होती. हे नववं. बैठं, आठच खोल्यांचं, शाळेतल्या मैत्रिणीचं असावं तसं घर. ते चालवणाऱ्या ताईंनी एक खोली रविवारपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं होतं. सोमवारी तिची रजा संपत होती.

आणि रजा संपली की आत्या घरी पुन्हा एकटी. दोनदा न्हाणीघरात पडली होती ती. दुसऱ्या वेळी ही दुकानातून परत येईपर्यंत चार तास तशीच ओल्या फरशीवर होती. तिसऱ्यांदा... त्या तिसऱ्यांदापुढचं वाक्य तिने मनातसुद्धा कधी पूर्ण केलं नव्हतं. आई-बाबांमागे आत्यानेच तिला वाढवलं होतं.

"तुम्ही इथे सुतार आहात का?" त्याच्या खिशातली मोजपट्टी बघून तिने विचारलं.

"आहे. धरायच्या दांड्या बसवतो."

"त्या सगळीकडेच असतात."

"असतात ना. सगळ्या एकाच उंचीच्या." त्याने भिंतीकडे हात केला. तेव्हा कुठे तिने नीट बघितलं. गुळगुळीत लाकडी दांड्या, एक वर, एक खाली, एक तिरपी. "ही पोस्टातल्या आजोबांची. ही खालची गाणं शिकवणाऱ्या आजींची, त्या वाकून चालतात. आणि ही तिरपी आहे ना, ती नर्सबाईंची. त्यांचा खांदा वर होत नाही. ज्याचा हात जिथे आपोआप जातो, तिथे त्याची दांडी."

ती थक्क होऊन भिंतीकडे बघत राहिली. सात माणसांचं म्हातारपण कुणीतरी इतक्या मायेने मोजलं होतं! तिच्या एकेचाळीस प्रश्नांत हा एक प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आत्याला घेऊन आली. आत्या म्हणजे पावणेसहा फूट उंची आणि तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाणारा आवाज. तीस वर्षं तिने पोरांना पोहायला शिकवलं. हनुवटीखाली हात धरायचा, गप्पा मारत राहायचं आणि पोराला कळायच्या आत तो काढून घ्यायचा, अशी तिची पद्धत. असल्या बाईला आधार घ्यायचा म्हणजे जिवावर येणारच.

"दांडीबिंडी मला दाखवू नकोस," तिने सुताराला आल्या आल्या दम दिला.

"छे, छे. एवढं फुलपात्र घेता का? खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायचं राहिलंय."

आत्या काठोकाठ भरलेलं फुलपात्र सांभाळत निघाली. सगळं लक्ष पाण्यावर. आणि मोकळा डावा हात तिच्या नकळत भिंतीला टेकला... एकदा, दोनदा, तीनदा. मागून सुतार मांजराच्या पावलांनी चालत होता, हात उठला की तिथे खडूची खूण करत होता.

आत्या कुंडीपाशी वळली. "काय रे खडूवाल्या, माझ्या भिंतीवर काय गिरगटतोयस?"

माझ्या भिंतीवर! दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं.

निघताना पावसाची बारीक भुरभुर लागली. आत्या ताईंशी गप्पा मारत बसली होती, म्हणून ही दोघं दारातल्या छपराखाली उभी.

"दिवसभर लोकांच्या हातांकडे बघत असता का हो?"

"आणि तुम्ही डोळ्यांत. तुमचं काम जास्त बरं."

"कसलं बरं! समोरचा माझ्याकडे बघतच नाही, अक्षरं वाचत असतो."

"मला हल्ली अक्षरं दिसत नाहीत," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "तपासता का?"

"दुकानात या."

"इथे... यंत्राशिवाय नाही होत?"

होत होतं. पण ती नुसती लाजून पावसाकडे बघत राहिली.

रविवारी खडूच्या खुणांवर नव्या दांड्या बसल्या होत्या, न्हाणीघरातसुद्धा. आत्या तिथे गेली आणि तिने आतून कडी लावली. बाहेर ही उभी. दोन मिनिटं, पाच मिनिटं... मग पाण्याचा आवाज! तिने हाक मारायला तोंड उघडलं, तर सुताराने मान हलवली. थांबा.

दार उघडलं. ओले केस, लालबुंद चेहरा. सहा महिन्यांत पहिल्यांदाच आत्या दार लावून, कुणाच्याही मदतीशिवाय अंघोळ करून आली होती आणि हसत होती. बुडी मारून वर आल्यावर हसायची ना, अगदी तशीच.

"मी राहते इथे," ती म्हणाली. मग भाचीचा चेहरा बघून जवळ आली. "अगं, रडतेस काय? पोहायला शिकताना हनुवटीखालचा हात मी कधी काढला, आठवतं तुला?"

"नाही."

"आत्ताही काढलाय. जा आता घरी."

ती वळली. दाराशी नेहमीसारखी अडखळली, चौकटीला हात टेकला... आणि हाताखाली काहीतरी गुळगुळीत लागलं. छोटीशी लाकडी मूठ. काल नव्हती.

"ही आत्यांची नाही," मागून तो हळूच म्हणाला. "दोन्ही वेळा निघताना तुम्ही इथेच हात टेकलात. पाय निघत नव्हता तुमचा. म्हटलं... त्या हातालाही काहीतरी असावं. तुम्हाला पुन्हा यायचं निमित्त म्हणा. माझ्यासाठी."

कुणी आपल्याला इतकं निरखून बघतं? आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिचा नंबर बरोबर काढला होता.

"जागा चुकलीय," ती म्हणाली.

"कशी चुकेल? दोनदा मोजलीय—"

"जरा अलीकडे हवी होती." आणि तिने मुठीवरचा हात उचलून त्याच्या खडूने माखलेल्या हातात दिला.

"खडूवाल्या," आतून आवाज आला, "पोरगी निघाली का रे?"

"नाही, आत्या."

"बरं झालं. निघू दे सावकाश."