माझ्याच नवऱ्याबरोबर पळाले

मालाड स्टेशनाबाहेर घोडागाड्यांच्या रांगेपाशी एक उंच माणूस पाठमोरा उभा होता आणि शीळ घालत होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एका हातात चुन्याची गोणी, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा कुंचला. गाडीवाल्याशी हुज्जत घालता घालता तो मध्येच मोकळा हसला… आणि मी सहज वळून पाहिलं. छान हसतं कुणीतरी, एवढंच मनात आलं.

मग तो माणूस वळला. माझा नवरा होता तो!

आमचं लग्न त्याच वर्षी, पंचावन्न साली, वैशाखात झालं होतं. आता दिवाळी होऊन गेली होती. एवढ्या महिन्यांत मी यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. शीळ तर दूरच. अंधेरीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या – सासूबाई, सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलं, धाकट्या नणंदा. माणसं सगळी चांगली. पण रात्री बायका आतल्या खोलीत आणि पुरुष गॅलरीत. हे सकाळी साकीनाक्याच्या कारखान्यात जायचे, तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. संध्याकाळी घरी आले की सासऱ्यांसमोर मान खाली घालून जेवायचे. माझ्याशी बोलायचे ते "पाणी दे" आणि "छत्री कुठे आहे" एवढंच. शनिवारी अर्धा दिवस सुटी, तर म्हणे ओव्हरटाइम.

आणि हा यांचा ओव्हरटाइम!

"उत्तरा? तू… इथे?" यांच्या हातातला कुंचला खाली पडला.

"मी आईकडे चाललेय. दोन दिवसांनी येते, असं सासूबाईंना सांगून निघालेय." माझं माहेर मालाडलाच, बाजारामागे. "पण तुम्ही कारखान्यात होतात ना?"

हे कानापर्यंत लाल झाले. गोणी या हातातून त्या हातात. गाडीवाला मजेत बघत होता.

"मला… जरा मनोरीला जायचं होतं."

"कोण आहे मनोरीला?"

माझा आवाज माझाच मला परका वाटला. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे. मग काहीतरी ठरवल्यासारखं ती उचलून गाडीत ठेवली.

"चल. तूच बघ कोण आहे ते."

*

मार्व्यापर्यंतचा रस्ता ताडांमधून जायचा. घोड्याच्या गळ्यातली घुंगरं, भाताच्या कापलेल्या शेतांचा वास, आणि शेजारी बसलेला हा अनोळखी माणूस. गाडी खड्ड्यात गेली की आमचे खांदे लागायचे. दोघंही लगेच सावरून बसायचो – आणि पुढच्या खड्ड्याची वाट बघायचो. निदान मी तरी बघत होते.

"आईकडे कळवलंयस?" यांनी विचारलं.

"नाही. अचानकच जाणार होते."

"म्हणजे तुझ्या आईला वाटतंय तू अंधेरीला. माझ्या आईला वाटतंय तू मालाडला, आणि मी कारखान्यात. आज काम जास्त आहे, तिथेच झोपेन, असं सांगून आलोय मी."

"म्हणजे आपण पळून चाललोय की काय?"

"लग्न झालेली माणसं पळून जातात का गं?"

"मला काय माहीत! मी पहिल्यांदाच पळतेय."

हे पुन्हा हसले. तेच मघाचं हसणं. मी रागावले होते, संशय तर अजून होताच… पण ते हसणं मी आणलं होतं, हे कळून मी तोंड वळवून पदराआड हसले.

मार्व्याला खाडीवर यांच्या ओळखीच्या काशीराम होडीवाल्याची शिडाची होडी उभी होती. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं आणि चढायचं. काशीरामनं वाकून हात पुढे केला, "द्या वहिनी."

"राहू दे, मी घेतो तिला," हे घाईनं म्हणाले. आणि यांनी माझा हात धरला.

लग्नात धरला होता, तेव्हा भटजी होते, माणसं होती, मध्ये नारळ होता. आता मध्ये काहीच नव्हतं. होडीत बसल्यावरही तो हात सुटला नाही. वारा शिडात भरला, पलीकडची सुरूची काळीभोर रांग जवळ येऊ लागली, आणि मी नुसती पाण्याकडे बघत राहिले. यांच्याकडे बघायचा धीरच होईना.

*

मनोरीला होती ती मार्था बाय. पांढऱ्या केसांची, लाल लुगड्याची, कानात जड सोनं. तिचा नवरा वारल्यावर समुद्राकाठच्या सुरूच्या बनात तिनं लाकडी खोल्या बांधल्या होत्या, मुंबईची माणसं हवा खायला येतात त्यांच्यासाठी. वीज नाही, रस्ता नाही. सुरूच्या सुयांची मऊ तांबूस गादी, आणि झाडांमधून चाळणीतून यावा तसा समुद्राचा आवाज.

"आयलास पोरा?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् ही कोन?"

"बायको."

"खरी?"

मी गुपचूप मंगळसूत्र पदराबाहेर काढलं. मार्था बाय खदखदून हसली.

"मग खोली झाल्यावर आननार होतास ना तिला? दार तर लागत नाय अजून तुज्या खोलीचं!"

"कुठली खोली?" मी विचारलं.

हे कुंचल्याचे केस उपटत उभे राहिले. सांगितलं तिनंच. पावसाळ्यात तिची शेवटची खोली मोडली होती. हे कारखान्यातल्या मित्राबरोबर एकदा इकडे आले, ती खोली पाहिली, आणि तिला म्हणाले – मी दुरुस्त करतो, तू मला ती दोन दिवस दे. बायकोला घेऊन येईन. तेव्हापासून दर शनिवारी येत होते. कौलं चढवली, फळ्या ठोकल्या, दार केलं. आज भिंतींना चुना लावायचा होता.

मी काय काय मनात आणलं होतं! घोडागाडीत बसल्यापासून मनोरीची ती बाई मी किती रूपांत पाहिली होती… गोरी, सावळी, गाणारी, नाचणारी. आणि ती निघाली साठीची, कोलंबी सोलत बसलेली.

"मला का नाही सांगितलंत?"

"घरात कुठे सांगणार?" हे हळूच म्हणाले. "कानात सांगायला गेलो तरी सगळे ऐकतात."

*

खोली भाबडी होती. दार खरंच लागत नव्हतं. ते सुतळीनं खिळ्याला बांधायचं. एक खिडकी समुद्राकडे. मार्था बायनं चटई, उशा, कंदील आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या.

ऊन उतरल्यावर आम्ही वाळूवर गेलो. लांबच लांब किनारा, आणि माणूस नावाला नाही. मी कधीच नवऱ्याशेजारून चालले नव्हते. नेहमी चार पावलं मागे, मध्ये नणंदा. सवयीनं मागे राहिले तर हे थांबले.

"मागे का?"

"सवय."

"इथे कोण बघतंय? …उत्तरा, एक मागू?"

"काय?"

"माझं नाव घे."

"घेतलं होतं की. उखाण्यात."

"उखाण्यात नको. नुसतं."

"इश्श! काहीतरीच."

"बरं, मला नको सांगू. समुद्राला सांग."

मी यांच्याकडे पाठ केली. लाट आली, गेली. दुसरी आली. "विद्याधर…" मी म्हटलं, इतकं हळू, की मलाही ते जेमतेम ऐकू आलं. वळून पाहिलं तर हे वाळूत बोटानं काहीतरी रेघा ओढत होते आणि डोळे ओले होते. "वाळू गेली डोळ्यात," म्हणाले. वारा तर पडला होता!

तेवढ्यात आभाळ भरून आलं. कार्तिकातली चुकार सर, पण चांगली टपोरी. पळत पळत आम्ही खोली गाठली. दार सुतळीनं बांधलं, आणि मान वर केली तर यांनी चढवलेली कौलं चार ठिकाणी गळत होती. टप… टप…

"वाट लागली!" यांनी कपाळावर हात मारला. "नकाशात बरोबर होतं सगळं."

मला हसू आवरेना. इतकं हसले, की खालीच बसले. भांडी मांडली, कंदील सरकवला, चटई ओढत ओढत एकच कोरडा कोपरा उरला. तिथे आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो, अगदी खेटून. माझ्या केसांतून पाणी यांच्या बाहीवर उतरत होतं.

अंगात धीर आला होता. मी विचारलं, "श्रावणात मी तापानं फणफणले होते. मी समोर अंथरुणावर, आणि तुम्ही सासूबाईंना विचारलंत, 'तिला बरं आहे का?' मलाच का नाही विचारलंत?"

यांनी गळतीखालचं भांडं उगाच जरा सरकवलं.

"तुला विचारलं असतं तर आवाज फुटला असता माझा. वहिनी होत्या, बाबा होते… मी रात्री पाणी प्यायला म्हणून आत यायचो. तुझा श्वास नीट चाललाय ना, ऐकायचो आणि जायचो. आई म्हणाली, याला हल्ली तहान फार लागते."

मी यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, एवढंच.

"तू मला फार आवडतेस उत्तरा," हे समोरच्या भिंतीला सांगत होते. "पण हे वाक्य बोलायला आपल्या घरात जागाच नाही गं. म्हणून ही खोली."

*

सकाळी जाग आली तेव्हा सुरूच्या टोकांवर ऊन होतं आणि माझ्या छातीवर धोंडा. ज्या माणसानं माझ्यासाठी एवढं केलं, त्याच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती.

हे बाहेर बादलीत चुना कालवत होते. मी पायरीवर बसले.

"अहो… मी काल दोन दिवसांसाठी निघाले नव्हते. सगळ्या साड्या घेऊन निघालेय. परत कधी यायचं, ते ठरवलंच नव्हतं."

यांचा हात थांबला. "आमच्या घरात कोणी काही बोललं?"

"कोणीच नाही. कोणीच काही बोललं नाही, हेच. मी त्या घरात कुणाची आहे, तेच कळेना मला. वाटलं, आईला सांगेन, शाळेत नोकरी मिळतेय का बघेन…"

हे उठले. आत गेले आणि भिंतीला चुना लावू लागले. वर, खाली. वर, खाली. मी दारात उभी. आता रागावतील, आता म्हणतील, 'जाऊ नकोस'. कानांत प्राण आणून वाट बघत होते.

"दुपारच्या होडीनं निघू," हे भिंतीकडे बघतच म्हणाले. "तुला आईकडे पोचवतो."

"रागावलात?"

"हो. माझ्यावरच." यांनी कुंचला खाली ठेवला. "काल स्टेशनावर मी तुला विचारलंसुद्धा नाही. 'चल' म्हटलं आणि गाडीत बसवलं. तू तुझं काहीतरी ठरवून निघाली होतीस. आज नाही 'चल' म्हणणार. तुला माहेरी राहायचं असेल तर राहा, नोकरी कर, मी दर शनिवारी तिथे येईन. घरी मी सांगेन सगळं, बोल तुला नाही लागणार. आणि परत यायचं असेल तर… पण ते तू सांगायचं. मी नाही विचारणार."

मला रडू आलं, आणि रागही. 'जाऊ नकोस' म्हणायला काय जात होतं? पण मग वाटलं, लग्नाच्या वेळी होकार बाबांना विचारला होता. मंगळसूत्र कसलं करायचं, ते काकांना विचारलं होतं. आणि हा वेडा माणूस, हात चुन्यानं पांढरे करून, सगळं माझ्यावर सोपवत होता.

मी पदर खोचला, कोपऱ्यातला जुना झाडू बादलीत बुडवला आणि यांच्या शेजारची भिंत रंगवायला घेतली.

*

परतीच्या वाटेवर यांनी शब्द पाळला. होडीत विचारलं नाही, घोडागाडीत विचारलं नाही. मार्था बायनं दिलेली शहाळी, समुद्र, ढग… सगळ्यांवर बोलले. फक्त तेवढं सोडून. मालाडच्या बाजाराशी गाडी थांबली तेव्हा मात्र यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा झाला होता.

आईनं दार उघडलं आणि दोघांना एकदम पाहून गोंधळलीच. "अगंबाई! जावईबापू? कळवलं नाहीत ते! या, या… अहो, ऐकलंत का, उत्तरा आलीय." मग मला जवळ घेऊन कुजबुजली, "काय गं, सगळं ठीक ना? राहणार आहेस ना चांगली?"

हे उंबऱ्यापाशी चपला काढत होते. एक चप्पल काढली आणि दुसरीचा पट्टा हातात धरून तसेच वाकून राहिले.

"नाही आई," मी म्हटलं, अगदी मोठ्यानं, आत बाबांनाही ऐकू जाईल असं. "चहा घेऊन निघू. आम्हाला घरी जायचंय."

आई चहा ठेवायला आत पळाली. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली, खुर्ची पुढे सरकवली, "बसा, विद्याधरराव."

"असू द्या, बाबा," हे म्हणाले. आणि माझ्या आईवडिलांच्या घरात, भर उजेडात, हे येऊन सतरंजीवर माझ्या शेजारी बसले… अगदी खेटून.