आईची फणी

मला वाटलं होतं, आईची खोली धुळीनं भरलेली असेल. कुलूप काढायचं, पोटभर रडून घ्यायचं आणि लगेच सुताराला बोलवायचं. दूरच्या विद्यापीठात असताना मी एकच स्वप्न पाहिलं होतं: आमच्या गल्लीतल्या मुलींसाठी वाचनालय. आई गेल्यावर ते तिच्याच खोलीत करायचं पक्कं झालं.

खोली लख्ख निघाली. खुर्चीपाशी फरशी ओली होती, रेडिओ हळू आवाजात चालू होता, वाटीत बर्फाचे खडे होते.

आई दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची. संध्याकाळी घरी आली की पाय कोमट पाण्याच्या बादलीत, तोंडात बर्फ, कानाशी रेडिओ. "आता मी राणी," म्हणायची. मग मला पुढ्यात बसवून माझे कंबरेपर्यंतचे केस विंचरायची. हे तिचं सगळ्यांत मोठं सुख.

"हे काय, शिकायला गेली होतीस की डोकं भादरून घ्यायला?" माझे आखूड केस बघून दादा म्हणाला. हसला मात्र नाही. फार वाळला होता. बंदरावर नोकरी लागलेली, उद्या हजर झाला नाही तर जागा जाणार, आणि यानं बॅगही भरली नव्हती.

"जा की! इथलं मी बघते."

"संध्याकाळी हे सगळं मांडायला कुणीतरी हवं."

"दादा, आठवण अशी ड्युटीसारखी काढायची नसते रे."

"आठवण कोण काढतंय? ती येते." त्यानं खुर्चीमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. गिलाव्यावर बारीक, एकसारख्या रेघा होत्या, वरून खाली ओढलेल्या. मला वाटलं होतं, उंदरांचं काम. "बाकीचं मी पुरवतो. केस कुठून आणू? मग ती... भिंत विंचरते."

मला संताप आला. माझा धडधाकट भाऊ या खुळापायी आयुष्य घालवणार? "आज मी बसते तिथे," मी म्हटलं. "काही होत नाही, बघ. आणि उद्या तू निघायचंस."

उजेड कलला तशी मी खुर्चीकडे पाठ करून पाटावर बसले. दादानं बादली ठेवली आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला.

रेडिओची खरखर थांबली. शेजारच्या बादलीतलं पाणी हळूच काठापर्यंत चढलं, कुणीतरी पाय सोडावेत तसं. गरम कापडाचा वास आला. मग माझ्या डोक्याच्या अगदी वर, दातांखाली बर्फ कडकन फुटला.

"मागे बघू नकोस..." दादा पुटपुटला.

फणी कपाळापासून निघाली. मानेशी माझे केस संपले, फणी थांबली नाही. ती पाठीवरून सावकाश खाली उतरत गेली, आणि कंबरेपाशी, जिथे काहीच नव्हतं, तिथे तिला गुंता लागला. डोक्याची कातडी ताणली गेली. मी कळवळले.

"झालं हं... झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

माझे दात वाजत होते. आणि सांगायची लाज वाटते, पण त्या आवाजानं माझे डोळे जडही होत होते.

सकाळी भिंतीवर नवी रेघ नव्हती. दादा लहानपणी झोपायचा तसा गाढ झोपला होता. मी त्याची बॅग भरली, त्याला उठवलं, बसपर्यंत सोडून आले. "तू... राहशील?" एवढंच त्यानं विचारलं. मी मान डोलावली.

परतले तेव्हा मी काल बोलावलेला सुतार फळ्या घेऊन दाराशी उभा होता. "कपाटं कुठल्या भिंतीला लावायची, ताई?" त्याच्यामागे वाचनालय बघायला गल्लीतल्या मुली जमल्या होत्या. सगळ्यांच्या पाठीवर लांब लांब वेण्या.

"फळ्या परत घेऊन जा," मी म्हणाले. "वाचनालय होणार नाही. आणि पोरींनो, या घरात कुणीही पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

मुली हिरमुसल्या. मी दार लावायला वळले, तेवढ्यात त्यांतली सगळ्यांत धाकटी म्हणाली, "ताई, तुमची वेणी किती घट्ट घातलीय! कुणी घातली?"