वाळूच्या भिंतींचा खोका

हिची नजर पूर्ण गेली त्या वर्षी मी रेडिओसाठी नवा खोका करायला घेतला. मेहुण्याने बंद पडलेल्या सिनेमागृहातला जुना स्पीकर आणून दिला होता. ताटाएवढा, कागदी पडद्याचा.

"माणूस समोर बसून बोलतोय असं वाटलं पाहिजे," ही म्हणाली. "डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं नको."

बोलायचं स्पीकरने, खोक्याने गप्प राहायचं, असा जुन्या कारागिरांचा नियम. फळीवर बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. फळी घुमली तर काम कच्चं. म्हणून मी कोपऱ्यात बसेल असा तिकोनी खोका केला. प्रत्येक बाजूला दुहेरी फळ्या, मध्ये बोटभर फट, फटीत कोरडी वाळू. पूर्वी असे खोके करायचे. वाळू चाळली, धुतली, कढईत भाजली.

"मिस्त्री, मीठ बेताने घाला हं," ही दारातून म्हणाली. लग्नापासून ती मला मिस्त्रीच म्हणते.

मापाप्रमाणे तीन बादल्या बसल्या. वर-खालच्या भोकांना बुचं लावली, रेडिओ जोडला. बातम्या सांगणाऱ्याचा घसा कोरडा पडलाय हेसुद्धा कळत होतं. ही कित्येक दिवसांनी हसली.

आठवड्याने आवाज पोकळ झाला. वरचं बूच काढलं, तर वाळू वीतभर खाली गेलेली. वाळू दबते, त्यात नवल नाही. आणखी एक बादली ओतली.

त्या दुपारी हिने विचारलं, "घड्याळ बंद पडलंय का हो?"

काटा सरकत होता. मी घड्याळाला कान लावला. टिकटिक नव्हती.

पाचव्या बादलीनंतर मोरीतल्या नळाची टिपटिप गेली. थेंब पडताना दिसायचे. सातव्या बादलीनंतर माझी करवत गेली. भुसा पडायचा, आवाज नाही. खोक्याखालची फरशी मी रोज पुसायचो. फडक्याला वाळूचा कण लागला नाही. डॉक्टर म्हणाले, कान शाबूत आहेत, आजोबा. रस्त्यावर मलाही सगळं ऐकू यायचं. उंबरठ्याच्या आत आलो की त्यातलं काही नाही.

तरी मी वाळू भरत राहिलो. घरात हिचं बोलणं आणि रेडिओ तेवढा स्वच्छ ऐकू यायचा, आणि हिच्याकडे रेडिओच उरला होता.

ही घरात आवाजांच्या आधाराने फिरायची. घड्याळ म्हणजे भिंत, नळ म्हणजे मोरी, करवत म्हणजे मी. आता ती चाचपडत चालू लागली. एकदा लाकूड कापायच्या घोडीला अडखळली आणि कपाळ फुटलं. मी पट्टी बांधत होतो.

"काहीतरी बोला की," ती म्हणाली. "रागावलात का?"

मी बोलतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोका रिकामा करायला बसलो. आत अकरा बादल्या गेल्या होत्या. तळाचं बूच काढलं. मूठभर वाळू तळव्यावर आली आणि थांबली. मी त्या बोटभर फटीत समोरच्या फळीच्या दिशेने तार आडवी सारली. बोटभरावर फळी लागायला हवी होती. हातभर तार आत गेली. कुठेच टेकली नाही.

मी रेडिओची वायर उपटली.

"बोललात एकदाचे," ही म्हणाली.

ती खुर्चीत बसली होती. तोंड खोक्याकडे.

"इतके दिवस मूग गिळून बसला होतात ते?" ती थांबली, ऐकलं, आणि हसली. "चावट कुठले."

मी हाक मारली. पुन्हा मारली. हातोडा फरशीवर आपटला. फरशीचा टवका उडाला.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती ताठ झाली. माझी बोटं तिने एकेक करून चाचपली. त्यांना वाळू लागलेली होती. तिने हात झटकला.

"मिस्त्री," ती खोक्याला हळूच म्हणाली, "घरात कोणीतरी शिरलंय."

ती ऐकत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

ती उठली. घोडीला वळसा घालून सरळ दाराशी गेली, दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. मी बाहेर पडलो.

रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली. मागे कडी लागली, तीही मला ऐकू आली.

मग आत कोणीतरी खोकलं. मी खोकतो तसं, दोनदा.