इंजिनिअरसाहेबांच्या लगोऱ्या

"पाचवी तक्रार," झेनोने अभिप्रायाची वही टेबलावर आपटली. "आणि हीसुद्धा तळ्याकडून आलेल्यांचीच."

डेल्फिनाने मान वर केली नाही. गिर्यारोहकांच्या निवाऱ्यातल्या जेवणघराची फरशी ती सकाळपासून तिसऱ्यांदा पुसत होती. दाराशी सपातांची एवढी मोठी मांडणी होती, 'बूट बाहेर काढा' अशी पाटी होती, तरी आत्ता आलेलं जोडपं चिखलाच्या बुटांनिशी थेट शेगडीपर्यंत चालत गेलं होतं. सुट्टीत डोंगरावर यायचं ते मोठ्यांच्या पावलांचे ठसे पुसायला, असं तिला वाटायला लागलं होतं.

"वाच तरी," तिचा धाकटा भाऊ रेमो म्हणाला.

"'तळ्यापासून खिंड ओलांडून निवाऱ्यात यायला चार तास लागतात म्हणे. आम्हाला सात लागले. खुणांचा पत्ता नाही. निवारा चालवणाऱ्या बाईंचं लक्ष कुठे असतं?'"

लक्ष कुठे असतं ते आतून ऐकू येत होतं. इर्मा आत्या चाळीस माणसांसाठी मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटत होती. जूनपासून तिचा गुडघा धरला होता, त्यामुळे या उन्हाळ्यात ती खिंडीपर्यंत एकदाही जाऊ शकली नव्हती. एकोणीस उन्हाळे तिने हा निवारा चालवला होता. तिचा मुलगा झेनो इथेच चालायला शिकला होता, आणि डेल्फिना-रेमोचा प्रत्येक ऑगस्ट इथेच जायचा. आता तक्रारींमुळे गिर्यारोहक मंडळाची माणसं उद्या तळ्याकडून स्वतः चालत येणार होती, आणि निवारा आत्याकडे ठेवायचा की नाही ते ठरवणार होती.

त्यातून मंडळाच्या इंजिनिअर फाल्केट्टींनी काल फोनवर वर तोंड करून सांगितलं होतं, "तुमची पोरंच दगड इकडचे तिकडे करत असतील, बाई." आत्याने फोन ठेवला आणि पोलेंटात दोनदा मीठ टाकलं. तेही सगळ्यांना निमूट खावं लागलं होतं.

डेल्फिनाने फडकं पिळलं. बादलीत काळंभोर पाणी पडलं.

"झेनो, हे बघ."

"चिखल आहे. आणखी काय बघू?"

"काळा आहे. खिंडीच्या वाटेवर नुसता दगड. असा काळा चिखल कुठे असतो?"

झेनो बादलीवर वाकला. "शेजारच्या बोडक्या खिंडीखालच्या दलदलीत. पण तिकडे रानबकऱ्यांशिवाय कोण मरायला जातंय?"

"हे जोडपं गेलं होतं. आणि परवाच्या चौघांचाही चिखल असाच होता. मीच पुसलाय ना."

आत्याने खिंडीपलीकडे जाऊन बघायची परवानगी दिली, पण बजावून दिली. "तीनच्या आत परत. आणि कुठल्याही लगोरीला हात लावायचा नाही."

वाट दाखवायला एकावर एक रचलेल्या दगडांना ती लगोरी म्हणायची. रचलेली लगोरी पाडायची नाही हा इथला नियम. धुक्यात कुणाचा तरी जीव तिच्यावर असतो.

तासाभरात तिघं खिंडीत पोचली आणि पलीकडे तळ्याच्या बाजूला उतरली. खाली सपाट दगडापाशी वाटेला फाटा फुटतो. तळ्याकडून येताना डावीकडची वाट खऱ्या खिंडीकडे जाते. तिच्यावरचे लाल-पांढरे पट्टे उन्हापावसाने इतके विटले होते की शोधावे लागत होते. आणि उजवीकडे, जिथे कधीच काही नव्हतं, तिथे कंबरभर उंचीच्या लगोऱ्यांची रांग दिमाखात वर गेली होती.

"अरे देवा," झेनो म्हणाला. "मीसुद्धा इकडेच गेलो असतो."

रांग बोडक्या खिंडीत संपली. रेमोने मोजल्या, चौदा. शेवटची तर पुरुषभर उंच. तिच्या फटीत काहीतरी चकाकत होतं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा! आत घडी घातलेला कागद, खाली मंडळाचा गोल शिक्का.

डेल्फिनाने वाचलं. "'दाट धुक्यात, प्रतिकूल हवामानाची पर्वा न करता, खिंडीची वाट खुणांनी सुरक्षित केली. श्रमदान, एकवीस जुलै. इंजिनिअर फाल्केट्टी आणि अकरा सदस्य.'"

झेनो हसत खालीच बसला. डेल्फिनाला मात्र हसू आलं नाही. तिची कानशिलं तापली. धुक्यात स्वतः वाट चुकायची, चुकलेल्या वाटेवर खुणा रचायच्या, दुसऱ्या बाजूला काय आहे ते न बघताच आल्या पावली तळ्याकडे परतायचं, वर शिक्का मारायचा. आणि बोलणी खायची आत्याने.

"पाडू या सगळ्या," रेमोने बाह्या सरसावल्या.

"हात लावू नकोस. पाडल्या तर साहेब उद्या खऱ्या वाटेने येतील आणि म्हणतील, पोरांनी घातलेला घोळ पोरांनीच निस्तरला."

"मग डबा दाखवू."

"म्हणतील, पोरांनी खऱ्या खिंडीतून उचलून इथे आणून ठेवला. डबा त्यांनीच काढला पाहिजे, स्वतःच्या हाताने, आणि तोही इथूनच."

डबा होता तसा फटीत गेला. पलीकडची पहिली डबकी झेनोने काठीने तपासली. पहिलं जेमतेम नडगीपर्यंत होतं, पण त्यापुढचं कमरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी अकरापासून तिघं बोडक्या खिंडीत वाट अडवून बसली. तळ्याकडून धुकं वर चढत होतं. साहेबांना चिखलात बुडवावं असं डेल्फिनाला मनापासून वाटत होतं, पण खरोखर कुणी त्या दुसऱ्या डबक्यात गेलं तर? "पहिल्या डबक्यापुढे कुणालाही जाऊ द्यायचं नाही," तिने दोघांना पुन्हा बजावलं.

आधी काठ्यांचा आवाज आला, मग साहेबांचा. "बघितलंत, ओदेत्ताबाई? अख्ख्या वाटेत धड खुणा असलेला भाग तो एवढाच."

मागून मंडळाच्या अध्यक्ष ओदेत्ताबाई आल्या. सत्तरीच्या बाई, पण दम साहेबांनाच लागला होता.

"कुणी केल्या या खुणा, साहेब?" डेल्फिनाने शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं.

"आम्ही. तुम्ही पोरं इथे काय करताय? दगडांना हात तर लावला नाहीत ना?"

"छे. आत्या लावू देत नाही. पण चौदाच्या चौदा तुमच्याच?"

"एकूण एक."

"काहीतरीच," रेमो झेनोला म्हणाला. "शहरातल्या माणसांना एवढ्या सरळ जमतात होय? मेंढपाळांनी रचल्या असतील."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मोठ्या लगोरीच्या फटीत हात घालून त्यांनी डबा ओढून काढला आणि कागद पहिल्या शब्दापासून शिक्क्यापर्यंत खणखणीत वाचला.

"छान," ओदेत्ताबाई म्हणाल्या. "आणि निवारा कुठे आहे?"

"हा काय, खालीच. धुकं हटलं की दिसेल. चला."

झेनो अदबीने एका बाजूला सरकला. साहेब रुबाबात दहा पावलं उतरले, आणि अकराव्याला त्यांचा पाय नडगीपर्यंत काळ्या चिखलात गेला. डेल्फिना धावली आणि तिने त्यांचा दंड घट्ट धरला.

"पुढे नको, साहेब. पुढचं डबकं कमरेएवढं आहे. निवारा त्या डोंगरधारेपलीकडे. ही ती खिंडच नव्हे."

तेवढ्यात धुकं जरा विरळ झालं. खाली नुसती दलदल पसरली होती. निवारा तर सोडाच, साधी पायवाटही नव्हती.

ओदेत्ताबाईंनी चौदा लगोऱ्यांच्या रांगेकडे वळून पाहिलं. "म्हणजे तक्रारी करणारे सगळे इथूनच आले?"

"सगळ्यांच्या बुटांना हाच चिखल होता," डेल्फिना म्हणाली. आठवडाभराचा वैताग तिच्या आवाजात उतरला. "पुसून पुसून माझे हात दुखतायत. आणि आत्याला अजून कुणी सॉरीसुद्धा म्हटलेलं नाही."

ओदेत्ताबाई एका दगडावर टेकल्या. "फाल्केट्टी, पाडा या."

"सगळ्या?"

"चौदाच्या चौदा. ज्याने रचल्या त्यानेच." झेनोने थर्मासमधून ओतून पुढे केलेला कॉफीचा पेला त्यांनी घेतला. "बारा मोठ्या माणसांनी मिळून घोळ घातला आणि तुम्ही तिघांनी तो एका फडक्यावरून ओळखला. शाब्बास रे पोरांनो."

संध्याकाळी पाचला साहेब निवाऱ्याच्या दारात उभे राहिले.

"बूट बाहेर," आत्या आतून म्हणाली. साहेबांनी मुकाट्याने सपाता चढवल्या, आत जाऊन तिची माफी मागितली आणि पुढ्यात आलेला पोलेंटा मान खाली घालून संपवला.

पाच तक्रारींखाली ओदेत्ताबाईंनी लिहिलं, 'चूक मंडळाची. निवारा इर्माबाईंकडेच राहील.' आत्याने ते वाचलं आणि ती पातेल्याकडे वळली. घोटण्यासारखं त्यात काहीच उरलं नव्हतं, तरी ती बराच वेळ घोटत राहिली.

सकाळी तिने फळीवरून रंगाचे दोन डबे काढले, एक लाल, एक पांढरा. त्या डब्यांना तिने आजवर कुणालाही हात लावू दिला नव्हता. झेनोलाही नाही.

"खिंडीपासून सपाट दगडापर्यंत," ती डेल्फिनाला म्हणाली. "एका पट्ट्यापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे. आणि ओघळ यायला नको."

डेल्फिनाने ब्रश घेतला. दुपारपर्यंत तिने एकतीस पट्टे रंगवले आणि त्या सगळ्या वेळात ती एकदाही कुरकुरली नाही. सपाट दगडावरच्या शेवटच्या पट्ट्याला मात्र एक ओघळ आलाच. झेनोचं लक्ष जायच्या आत तिने तो बाहीने पुसून टाकला.