पांढऱ्यावर पांढरं

चुकीच्या दारातून आत शिरलेली वल्लरी मागच्या रांगेत बसून राहिली, कारण उठून जायची लाज वाटली. तिचा रसायनशास्त्राचा सेमिनार शेजारच्या दालनात होता. इथे मोजके म्हातारे श्रोते... आणि पोल्टावा नावाच्या जुन्या युक्रेनियन शहराबद्दल हळू आवाजात बोलणारा एक उंच तरुण. तिथल्या टेकडीवरची पांढऱ्या खांबांची कमान, खाली वाहणारी व्होर्स्क्ला नदी, लग्नाच्या चालीरीती.

मग त्याने जुन्या सदऱ्याची बाही वर धरली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याचं भरतकाम.

"पण काहीच दिसत नाही!" वल्लरीच्या तोंडून निघून गेलं.

तो हसत सदरा घेऊन तिच्यापाशी आला. "उजेडाकडे तिरकी धरा."

तिने धरली, आणि कापडावर फुलं उमलली.

त्याचं नाव ओस्ताप. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या धुक्यात, नेकार नदीच्या काठाकाठाने दोघं किती चालली असतील! युद्धामुळे त्याला घरी जाता येत नव्हतं, म्हणून तो शहरच तिच्यासाठी उभं करायचा.

"तिथल्या गल्ल्या तुला पाठ आहेत, इथला ट्रामथांबा मात्र रोज चुकतोस."

"रोज नाही. तू बरोबर असलीस की..."

वल्लरीने पांढरा रुमाल आणि पांढरा दोरा आणला होता. ते मात्र तिने त्याला सांगितलं नाही.

एकदा त्याने पातेलंभर गालुश्की आणली, पोल्टाव्याचे वाफाळते पिठाचे गोळे. जाताना दारात घुटमळला. "रविवारी पातेलं न्यायला येईन. तेव्हा... तुला एक विचारायचंय."

रविवारी तिला प्रयोगशाळेतून यायला उशीर झाला, आणि तो दारात हजर. रिकामं पातेलं परत कसं द्यायचं? घारग्यांसाठी आणलेला छोटा केशरी भोपळा तिने तसाच त्यात ठेवला आणि पातेलं त्याच्या हातात दिलं.

ओस्ताप भोपळ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"कळलं," तो म्हणाला. "स्पष्ट सांगितलंस, बरं केलंस."

आणि जिना उतरून गेला.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मेसेज : ब्राउनश्वाइगला नोकरी मिळतेय, उद्या होकार कळवतो.

वल्लरी तडक त्याच्या खोलीवर गेली. खोक्यांमध्ये पुस्तकं, खिडकीत भोपळा.

"भोपळा आवडला नाही म्हणून कुणी गाव सोडतं का रे?"

"आमच्याकडे मागणी घालायला आलेल्या मुलाला मुलगी भोपळा देते, म्हणजे नकार. व्याख्यानातच सांगितलं होतं मी."

"तेव्हा मी ऐकत नव्हते..." तिचे कान तापले. "बघत होते."

त्याने हातातलं पुस्तक खोक्यावर ठेवलं.

"अरे, आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं देत नाहीत! घारगे करायला वेळ नव्हता, म्हणून अख्खा भोपळाच..." ती थांबली. "आणि होकार? तो कसा देतात?"

"भरतकाम केलेलं कापड देऊन."

तिने पर्समधून रुमाल काढला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"वल्लरी... यावर काहीच नाही."

"उजेडाकडे तिरका धर."

खिडकीतल्या उन्हात तीन वाकडीतिकडी फुलं उमलली. ओस्तापने एकेका फुलावरून बोट फिरवलं.

"आणि ब्राउनश्वाइगला काय कळवणार?" तिने हळूच विचारलं.

त्याने खिडकीतला भोपळा उचलला.

"त्यांना हा पाठवतो."